घोंघावणारं कार्ड

चिलीच्या दक्षिण टोकावरच्या, सदा वाऱ्याच्या पुंता आरेनास शहरातल्या एका दुकानात अन्सेल्मो दोन ग्राफिक्स कार्डं हातात घेऊन अडला होता. घरी नवा संगणक कंपवातावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञांना मदत म्हणून इंटरनेटवरून अहोरात्र आकडेमोड करणार होता. शेजारी उभ्या बायकोचे, एर्सिलियाचे हात त्याच रोगाने थरथरत. वेगवान कार्डाचा पंखा फार घोंघावे. तिची झोप मोडायला नको, म्हणून त्याने मंद, मुकं कार्ड उचललं.

"अरे वेड्या, जन्म गेला माझा ह्या वाऱ्यात," एर्सिलिया म्हणाली. "वारा पडला की झोपच येत नाही. मग तुझ्या घोरण्यावर भागवावं लागतं! घे ते घोंघावणारं."

दुपारी बाहेर वारा पडला. घरात पंखा घुमू लागला आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला. अन्सेल्मोने तिच्या हातातला चहाचा पेला अलगद सोडवून घेतला.