परसातली पणती

साकरगावात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. झुलालची बायको भागाबाई परसातली हातभर जागा रोज सारवते आणि दिवेलागणीला तिथं पणती ठेवते. का ठेवते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. गाव म्हटलं की तर्क आलेच. कोणी म्हणे तिथं नागाचं वारूळ होतं, कोणी म्हणे धन पुरलंय. झुलाल बिचारा बायकोला असलं काही विचारायच्या भानगडीत पडला नाही आणि न विचारताच एक दिवस वर गेला. भागाबाईनं तोंडाला कुलूप घातलं होतं, ते चाळीस वर्षं उघडलं नाही.

त्या जागेखाली तिची पहिली मुलगी होती. पाचवी पुजायच्या आधीच धनुर्वातानं गेलेली, बिननावाची. असली लेकरं नदीकाठी पुरायची रीत. पण नदीकाठी कुत्री उकरतात. भागाबाईची सासू भिकुबाई म्हणजे जिभेवर निखारा ठेवलेली बाई, पण त्या दिवशी तिनं सुनेला एका शब्दानं दुखवलं नाही. पुरुषमंडळी पारोळ्याच्या बाजाराला गेलेली होती. तिनं लेकराला जुनेऱ्यात गुंडाळून एका मडक्यात निजवलं, दुसरं मडकं तोंडाला तोंड लावून त्यावर बसवलं आणि परसात खड्डा करून आडवं ठेवलं. घरी आलेल्यांना सांगितलं, नदीवर देऊन आले. सुनेला मात्र म्हणाली, "लेकराले अंधारनी भीती वाटस. रोज दिवा लाव. आनि कोनले सांगू नको, सांगशी तं ती परत येस नही."

पुढं भागाबाईला अभिमन झाला आणि तेवढ्यावरच कूस थांबली. मुलगी परत आली नाही. तरी तिनं बोली मोडली नाही. कोणी सांगावं, वाट चुकली असेल, येईल उशिरा.

अभिमननं बाजारपेठेत बी-बियाण्याचं दुकान टाकलं आणि जळगावच्या मेहरूणमधली मंदाबाई करून आणली. सून गुणाची, पण दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्या खेपेला सातवा लागला तेव्हा जळगावच्या डॉक्टरणीनं बजावलं, हिला पहाटेचं लांब चालत पाठवू नका, घरात संडास बांधून घ्या. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? भागाबाई स्वतःच चार वेळा तेच बोलली होती. पण टाकीसाठी जागा कुठली धरायची, हे ठरवायची वेळ आली आणि ती परसात जाऊन उभी राहिली.

परस ते केवढं. एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला पाण्याचा आड. मधे उरली ती तिची सारवलेली जागा.

"भाऊ, आठे खंदू नको," ती लेकाला म्हणाली. "तठे आडजोगे खंद."

अभिमननं शांतपणे समजावलं, आडाशेजारी टाकी खणली तर पाण्यात काय उतरेल. हे शेंबड्या पोरालाही कळण्यासारखं होतं आणि भागाबाईलाही कळत होतं. दुखणं तेच होतं की पोराचं सगळं बरोबर होतं. त्यानं विचारलं, इथं आहे तरी काय? तिनं तोंड उघडलं. दारात मंदाबाई उभी होती, पोटावर हात ठेवून. पोटुशीपुढं मेलेल्या लेकराचं नाव काढू नये. भागाबाई म्हणाली, नागोबा. अभिमननं नागोबाला वाटीभर दूध वाहिलं, हात जोडले आणि खणायला गावातल्या वना मजुराला सांगून आला.

तिनं मनाशी ठरवलं होतं. सोमवारी दोघं भाड्याच्या गाडीनं तपासणीला जळगावला जातील, तेव्हा खुरपं घेऊन आपणच उकरायचं आणि लेकरू आडाजवळ हलवायचं. वना सांगितल्या दिवशी कधी कामावर आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. हा पठ्ठ्या या खेपेला मात्र सोमवारच्या दोन दिवस आधीच पहार घेऊन दारात. दैव द्यायला लागलं की असं देतं.

गुडघाभर खणल्यावर पहार मडक्यावर बसली. भागाबाई स्वयंपाकघराच्या दाराला धरून उभी राहिली. पण वना थांबला नाही, आणि कमरेइतकं खणलं तेव्हा आणखी मडकी लागली. तोंडाला तोंड लावलेली, एकामागून एक. पहारीनं सगळ्यांचा चुरा केला.

"भाऊ, आठे तं तान्हा लेकरूनी हाडं शेतस," वना वर येऊन म्हणाला, आणि पुन्हा खाली उतरेना.

भागाबाईला आपलंच डोकं फिरल्यासारखं झालं. तिनं एकच लेकरू ठेवलं होतं. बाकीची कोणाची?

संध्याकाळपर्यंत हवालदार आला. पंचनाम्याला सोपं पडावं म्हणून त्यानं खड्ड्यातली हाडं एकूण एक वनाच्या घमेल्यात गोळा करायला लावली. काडीएवढी हाडं, सारखी सगळी. त्यातली आपली कोणती हे सांगायला देव आला असता तरी त्याला जमलं नसतं.

मग गावाची जीभ सुटली. या घरात लेकरं पुरतात. उगाच का सुनेची कूस दोनदा रिकामी झाली? हवालदार गल्लीत दारोदार विचारत फिरला, कोणाची तान्ही मुलं गेली आणि कधी. अभिमननं दुकान उघडणं बंद केलं. मेहरूणहून मंदाबाईची आई प्रमिलाबाई आली ती रिकामी पिशवी घेऊनच. अशा घरात मी पोर ठेवणार नाही, तिनं विहिणीला तोंडावर सांगितलं. सात महिन्यांची पोटुशी एसटीनं धक्के खात जळगावला गेली तर काय होईल, हे दोघींनाही ठाऊक होतं. मंदाबाईनं अन्न सोडलं.

अशात तहसीलदारांनी पाटणकरबाईंना बोलावणं धाडलं. बाई पुण्याच्या, बोरी नदीच्या काठावरच्या टेकाडात वर्षभर जुनं गाव खणत बसलेल्या. जीपमधून उतरल्या त्या सरळ खड्ड्यात. एक खापर अंगठ्यानं पुसलं आणि त्यांचा चेहराच उजळला. वर येऊन त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, हे तीन हजार वर्षांपूर्वीचं आहे, वर थोडं जास्तच. तुमचं हे अख्खं गाव जुन्या वस्तीच्या डोक्यावर बसलंय. ती माणसं तान्ही लेकरं घरातच जमिनीखाली अशी ठेवायची, दोन मडकी तोंडाला तोंड लावून. का ठेवायची, ते आम्हाला अजून नक्की कळलेलं नाही.

भागाबाईला कळत होतं. भिकुबाईला हे कोणी शिकवलं नव्हतं, पुस्तक तर तिनं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तीन हजार वर्षांमागं याच जागी कुठल्या तरी सासूनं कुठल्या तरी सुनेला अंधाराचं तेच सांगितलं असणार. क्षणभर भागाबाईला चाळीस वर्षांचं एकटेपण हलकं झाल्यासारखं वाटलं.

बाईंनी हवालदाराला सही करून दिली की जिवंत माणसाचा याच्याशी संबंध नाही. गल्लीनं श्वास सोडला. प्रमिलाबाईनं पिशवी खुंटीला अडकवून सगळ्यांना चहा टाकला. मंदाबाई चार दिवसांनी भाकरीचे दोन घास जेवली.

बाईंचा विद्यार्थी ओट्यावर बसून खापरं निवडत होता. करडी, जाड, ओबडधोबड ती पिशवीत. तांबडी, पातळ ती भिंतीकडे फेकलेली. ही अलीकडची आहेत, घरातला कचरा असेल, तो बाईंना म्हणाला. बाई मापं घेत होत्या, त्यांनी नुसती मान हलवली. भागाबाईनं भिंतीकडे पाहिलं. मडक्याच्या काठावर काळी रेघ ओढायची गावच्या कुंभाराची सवय होती. ती रेघ तिनं ओळखली. खापरं तिनं पदरात वेचली. मडकं मिळालं. मडक्यातलं लेकरू घमेल्यात होतं, आणि घमेलं पत्र्याच्या पेटीत कापसावर रिकामं होत होतं.

ती पाटणकरबाईंपुढं जाऊन उभी राहिली.

"बाई, त्या बठ्ठा जुनाच शेतस का?"

"सगळी, आजी. एकही तुमच्या काळातलं नाही. मी तसं लिहून दिलंय. आता तुमच्या घराकडे कोणी बोट दाखवणार नाही."

बाजेवर हवालदार बशीत चहा ओतून पीत होता. उंबऱ्यावर मंदाबाई बसली होती, तोंडावर जरा रंग आलेला. भागाबाईच्या एका शब्दानं पेटी थांबली असती. त्याच शब्दानं हवालदाराचा कागद पुन्हा उघडला असता, प्रमिलाबाईची पिशवी खुंटीवरून उतरली असती आणि या पोटातलंही गेलं असतं. एक लेकरू मागायचं तर दुसरं द्यायचं, असा तो सौदा होता.

"जपीसन लई जा, माय," ती म्हणाली.

बाईंना फार बरं वाटलं. जपून न्या म्हणतात, जुन्या वस्तूंची खेड्यातल्या माणसाला किती कदर असते बघा, त्या विद्यार्थ्याला म्हणाल्या. जीप गेली.

मंदाबाईला मुलगी झाली, धडधाकट. आजेसासू भिकुबाईच आली पोटाला, असं बायका म्हणाल्या. भागाबाईनं बाळाचं तोंड कितीदा निरखून पाहिलं, पण जी पेटीत बसून पुण्याला गेली ती इथं कशी येणार? टाकी बांधून झाली. तिनं खापरं आडाजवळ पुरली आणि पणती तिथं ठेवायला लागली. नागोबानं घर बदललं, अभिमन थट्टेनं म्हणायचा. रिकाम्या मडक्याला दिवा दाखवताना तिला स्वतःचीच लाज वाटायची, पण दिवेलागण झाली की हात राहत नसे.

तीन वर्षांनी अभिमन मालासाठी धुळ्याला गेला होता, तो उड्या मारतच आला. आपलं परस पुण्याहून आणून तिथल्या संग्रहालयात ठेवलंय, वर गावाचं नाव! पुढच्या रविवारी सगळ्यांना घेऊन गेला.

काचेच्या कपाटात दोन करडी मडकी होती, खापर-खापर चिकटवून उभी केलेली. वरच्या मडक्याची बाजू मुद्दाम उघडी ठेवली होती. आत वाळूवर एक लेकरू मांडलं होतं. डोकं, फासळ्या, हात, पाय. घमेल्यातल्या ढिगातून निवडून निवडून एक पुरतं जुळवलेलं. अभिमननं पाटी मोठ्यानं वाचली आणि साकरगाव हा शब्द दोनदा वाचला. मंदाबाईनं मुलीला कडेवर उचलून दाखवलं. मग ती सगळी तलवारी पाहायला पलीकडच्या दालनात गेली.

भागाबाई गेली नाही. यातली एखादी फासळी आपल्या लेकीची असेल, किंवा एखादं बोट. नसेलही काहीच. तिनं काचेवर तळहात टेकला.

खुर्चीत शिपाई पेंगत होता. त्याला तिनं विचारलं, "भाऊ, रातले आठे दिवा ऱ्हास का?"

"छे हो आजी. पाचला सगळे दिवे घालवून कुलूप लावतो," तो म्हणाला. "चोरायला आहे काय इथं? आणि काचेला हात लावू नका."

भागाबाईनं हात काढून घेतला. पाच वाजायला थोडाच वेळ होता.