सहीची वाट

मार्गदर्शक मॅडमच्या टेबलावर प्रबंध गेला की तो तिथेच मुक्कामाला राहतो, असं विभागातले विद्यार्थी चेष्टेनं म्हणायचे. म्हणताना हसू मात्र कुणालाच येत नसे. वाचकहो, हे टेबल तुमच्या-माझ्या ओळखीचंच आहे. ज्याच्या हाती सही, त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव टांगलेला!

त्या दिवशी पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा अंतिम मसुदा पुन्हा परत आला. आधी समासासाठी आला होता, मग संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांसाठी. आता मॅडमनी नवं फर्मान काढलं, "तक्त्यांची शीर्षकं खाली नकोत, वर घे. सगळी."

ती घुटमळली. ती शीर्षकं खाली घ्यायला मॅडमनीच लावली होती. पण तसं तोंडावर बोलायची सोय नव्हती.

"मॅडम, बाबांची तब्येत फार खालावलीये. बांधलेली प्रत एकदा हातात घ्यायचीये त्यांना. रोज विचारतात, पुस्तक आलं का म्हणून. तुमची सही मिळाली असती तर..."

"संशोधनात घाई चालत नाही," म्हणत मॅडमनी मसुदा तिच्यापुढे सरकवला.

बाबा निवृत्त बसचालक. आई लहानपणीच गेलेली, घरात ही दोघंच. पोरीला एवढं शिकवून काय करणार, हे नातेवाइकांचं पालुपद ऐकून न ऐकल्यासारखं करत त्यांनी जादा पाळ्या केल्या होत्या. आता ते अंथरुणाला खिळले होते.

ती गेल्यावर शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर सरांनी चष्मा काढला. "वर-खाली करण्यात त्या पोरीचा जीव चाललाय. आतलं काही वाचलंस का?"

"सर, माझ्या गाईडनी मला किती रखडवलं ते तुम्हाला माहितीये. मी काही मेले नाही. त्यानंच माणूस तयार होतो."

"तू तयार झालीस ती अभ्यासानं. रखडवल्यामुळे तू नुसती रडलीस. याच खोलीत रडायचीस, मी पाहिलंय. ते सगळं थांबवणं आज तुझ्या हातात आहे, आणि तू तेच पुढे वाटत बसलीयेस!"

मॅडमना राग आला. वय झालं की माणूस हळवा होतो, असं मनाशी म्हणत त्या तासाला निघून गेल्या.

काही दिवसांनी ती आली. मसुदा टेबलावर ठेवला. शीर्षकं सगळी वर गेली होती.

"ठेव. या आठवड्यात काही जमणार नाही मला," मॅडम सवयीनं म्हणाल्या.

"सावकाश बघा, मॅडम. आता घाई नाही."

मॅडमनी चमकून वर पाहिलं. "बाबा...?"

"गेले. मी उशाशीच होते, पण तक्ते दुरुस्त करत बसले होते. त्यांनी हाक मारली, तर मी म्हटलं, थांबा ना बाबा, एवढं पान होऊ दे."

ती रडत नव्हती. तेच बघवत नव्हतं.

मॅडमनी लगेच सही केली. मग पहिलं प्रकरण उघडून वाचू लागल्या. आजवर वाचलंच कुठे होतं! प्रबंध चांगला होता, फार चांगला होता. पहिल्यांदा आला तेव्हाही तो एवढाच चांगला होता!

"मला माफ कर गं पोरी," त्या म्हणाल्या.

"आधीही झाली असती ना हो सही, मॅडम?" तिनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. त्याच दुपारी मॅडमनी कपाटात पडलेले बाकीचे मसुदे बाहेर काढले आणि वाचायला बसल्या.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा कागद पडलेला असतो. आपल्याला कुणी छळलं म्हणून आपण तिसऱ्यालाच छळायचं, याला शिस्त म्हणत नाहीत. चूक असेल तर एकदाच नीट सांगा, नसेल तर आजच सही करा. पलीकडे कुणाचे दिवस भरत आलेत, हे आपल्याला ठाऊक नसतं.

तिला पदवी मिळाली. समारंभात मॅडम उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पदवी घेऊन ती घरी पोचली आणि दाराचं कुलूप तिनंच उघडलं.