झाकणाखालचं लाल बटण

क्लबाच्या जेवणघरात एक नियम आहे. सूप संपेपर्यंत प्रत्येकाचे दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत. फार पूर्वी एका सभासदाने शेजाऱ्याचं सूप गायब केलं आणि ते त्याला परत आणता आलं नाही, तेव्हापासून. बाबा हा किस्सा सांगून झाल्यावर म्हणायचे, "जादूगारांबरोबर जेवायला बसावं, पण नजर आपल्या ताटावर ठेवून."

बाबा जादूगार होते ते रविवारपुरते. एरवी ते शिंपी. क्लबातल्या जवळजवळ सगळ्यांचे कोट त्यांनीच शिवलेले. जादूगाराचा कोट बाहेरून चारचौघांसारखा असतो, पण आत अस्तरात इतके चोरखिसे असतात की इस्त्रीवाला हात टेकतो. कुणाचा खिसा कुठे आहे हे त्या माणसाला आणि बाबांना ठाऊक. क्लबात तिसऱ्या कुणाला त्यांनी कधी सांगितलं नाही. क्लबात सगळे त्यांना मास्टर म्हणायचे.

ते गेल्यावर क्लबाने त्यांच्या नावाचं जेवण ठेवलं, दुपारचं. सभासद गेला की हे जेवण होतंच. त्यात शेवटी घरच्या माणसापुढे एक बशी ठेवतात, वर झाकण घालून. झाकणाखाली त्या वारलेल्या सभासदाच्या सर्वात गाजलेल्या जादूची वस्तू असते. घरच्या माणसाने झाकण उचललं तर गुपित सगळ्यांसमोर सांगायचं. मग ती जादू क्लबाची होते, त्याच्या नावाने कुणीही करावी. झाकण तसंच राहू दिलं तर जादू बंद. मग ती कुणी करायची नाही आणि घरच्यांना तिच्याबद्दल काही विचारायचंही नाही.

माझ्या बशीत लाल बटण असणार हे मला माहीत होतं. झाकण उचलायचं, हे मी घरूनच ठरवून निघाले होते. बाबांचं दुकान, कात्री, चष्मा, सगळं आता जागच्या जागी गप्प झालं होतं. एवढी एक गोष्ट तरी चालू राहावी, वर्षातून एकदा कुणीतरी 'मास्टरांचं बटण' असं म्हणावं, असं मला वाटत होतं.

मला अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसवलं होतं. ते निवृत्त वकील आणि क्लबातले सगळ्यात वाईट जादूगार. म्हणूनच अध्यक्षपदासाठी त्यांच्या नावाला कुणाची हरकत नसते. समोर कबूतरवाले काका होते, बाबांचे तरुणपणापासूनचे मित्र. त्यांच्या शेजारी दोरीवाला. हा वयाने माझ्याएवढाच, बोलायला मोकळा, कापलेली दोरी अखंड करून दाखवणारा.

"आता कोट कुणाकडे द्यायचे, ही मोठीच पंचाईत झाली आमची," अध्यक्ष म्हणाले. "बाहेरच्या शिंप्याला काय सांगणार, काखेत ससा मावेल एवढी जागा ठेवा म्हणून?"

"माझ्याकडे द्या," मी म्हटलं. "गेली दोन वर्षं शिवण माझीच होती."

"असं? मास्टर बोलले नाहीत कधी."

"ते कुठे काय बोलायचे?" दोरीवाला म्हणाला. "बटणाचं तरी बोलले का? मी काय नाही केलं, ताई. दोरा लावून पाहिला, चुंबक लावून पाहिलं. माझ्या बायकोने घरातली लाल बटणं लपवून ठेवलीत."

बाबांची ती जादू अशी असायची. जेवण चालू असताना ते टेबलाभोवती फिरायचे आणि एक लाल बटण बोटांवरून चालवायचे, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत आणि परत. चालता चालता हात थरथरू लागायचा. मग बटण सुटायचं, जाड गालिच्यावर पडायचं आणि नाहीसं व्हायचं. बाबांचा चेहरा एवढासा व्हायचा. "हरवलं वाटतं," ते जवळच्या माणसाला म्हणायचे, "तुमच्याकडे आहे का बघा." आणि त्या माणसाला त्याच्या स्वतःच्या कोटातल्या चोरखिशात लाल बटण सापडायचं.

"खरी कमाल बटणाची नाहीच," दोरीवाला सांगू लागला. "ती थरथर. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा चुकला. आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होतं, आणि तेवढ्यात ते काम साधून मोकळे. हे बघा." त्याने चमचा उचलला आणि हात थरथरवून दाखवला. "आरशासमोर तास न् तास केलंय, पण खोटं दिसतं. मास्टरांची थरथर अगदी खरी वाटायची."

"फार जोरात करतोस तू," पलीकडून कुणी म्हणालं. "मास्टर अंगठा आत घ्यायचे."

"अंगठा, बरोबर." त्याने अंगठा आत घेतला. आता ते बरंच बाबांसारखं झालं. मी पाण्याचा पेला उचलला.

बाबांचा हात थरथरायचा तो खराच. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, गोळ्या दिल्या आणि हे वाढत जाईल असं सांगितलं. बाबांनी ते मला सोडून कुणालाही कळू दिलं नाही. क्लबात पहिल्यांदा त्यांच्या हातून बटण पडलं तेव्हा लाजेने त्यांनी ते बुटाखाली दाबलं आणि तसेच उभे राहिले. जादूगार माणसं. समोरचा चुकला असं त्यांच्या मनातच येत नाही. चूक दिसली की ती मुद्दाम केलेली, हे धरूनच चालतात. बटण गायब झालं म्हणून त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

घरी येऊन बाबा बराच वेळ कोट न काढता बसून होते. मग म्हणाले, "त्यांना वाटलं, मी मुद्दाम पाडलं."

"मग?"

"मग काय. आता मुद्दाम पाडावं लागणार."

बाकीचं आम्ही दोघांनी मिळून रचलं. बटण कधी आणि कुणाजवळ सुटेल ते त्यांच्या हातात नव्हतं. म्हणून कोट दुरुस्तीला आला की ते खुर्चीत बसून मला सांगायचे, "याच्या डाव्या अस्तरात एक ठेव," आणि मी बटण ठेवून हलका टाका घालायची. बोटाने चाचपलं की सुटेल इतका हलका. पाहता पाहता टेबलाभोवतीच्या प्रत्येक कोटात एक लाल बटण जाऊन बसलं. ज्याचं सापडलं, त्याचा कोट काहीतरी निमित्त काढून पुन्हा दुकानात बोलवायचा. रविवारी सकाळी पडलेलं बटण चिकटावं म्हणून बाबांच्या बुटाच्या तळाला मेण लावणं आणि त्यांच्या शर्टाची बटणं लावणं माझ्याकडे होतं.

"काका, हात," अध्यक्ष म्हणाले.

कबूतरवाल्या काकांचा डावा हात टेबलाखाली होता. सूप अजून संपलेलं नव्हतं.

"असू द्या हो. सांधे धरलेत."

"सांधे कसले?" दोरीवाला म्हणाला. "काका खाली काहीतरी शिजवतायत. कबूतर असेल तर माझ्या सुपात नको, एवढंच सांगून ठेवतो."

सगळे हसले, काकाही हसले. हात वर आला नाही. त्यांच्या बशीतला पाव तसाच अख्खा होता. तो तोडायला दोन हात लागतात. पुढे भाजलेलं मांस आलं तेव्हा ते म्हणाले, "आज भूक नाही," आणि नुसते उकडलेले बटाटे घेतले, काट्यानेच मोडतील असे. बाबांनी शेवटची दोन वर्षं क्लबात नेमकं हेच खाल्लं होतं. काकांच्या कोटाची बाही खांद्यापाशी किंचित हलत होती, वाऱ्याने पडदा हलावा तशी. खिडक्या बंद होत्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर बटाट्यांवर नेली.

जेवण आटोपलं, कॉफी आली आणि बशी आली. अध्यक्ष उभे राहिले. "पोरी, आग्रह कुणाचाच नाही."

"माझा आहे," दोरीवाला म्हणाला.

"याचा सोडून कुणाचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे आमच्याइतकं कोण जाणतं? पण उघडलीस तर मास्टरांचं बटण दर वर्षी याच टेबलावर पडेल. तुझी मर्जी."

मी झाकणाला हात लावला. ते थंड होतं. मनात वाक्यं तयार होती. बाबा आजारी होते, त्यांनी तो आजार कसा कामाला लावला, हे सांगायचं होतं. ऐकून कुणी त्यांना हसलं नसतं. उलट मान वाढला असता, हेही मला दिसत होतं. पण थरथर खरी होती हे या टेबलावर एकदा कळलं की यापुढे इथे कुणाचाही हात थरथरला तर तो कुणाला जादू वाटणार नव्हता. आणि सगळ्यात आधी सगळ्यांच्या नजरा एका खुर्चीकडे वळल्या असत्या.

काका कॉफीला हात लावत नव्हते. कप भरलेला होता.

"बंद," मी म्हटलं.

दोरीवाल्याने खुर्चीला पाठ टेकली. "गेली," तो हळूच म्हणाला. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि प्रथेप्रमाणे सगळे उभे राहिले. अध्यक्षांनी बशी झाकणासकट उचलली आणि भिंतीतल्या कपाटात ठेवली. ती जादू आता कुणी करणार नव्हतं. मी जागेवर बसले तेव्हा मला ते नीट कळलं.

निघताना कोट टांगायच्या खोलीत काका एकटे होते. त्यांनी डाव्या हाताने गळपट्टा धरायचा प्रयत्न केला, तो निसटला. मला पाहून त्यांनी हात खिशात घातला, मग पुन्हा बाहेर काढला.

"तुला कधी कळलं?"

"पाव तोडला नाहीत तेव्हा."

"कबुतरांना आधी कळलं. बसायलाच तयार नसतात हातावर." त्यांनी गळपट्टा उचलला. "मास्टरचंही हेच होतं, नाही का?"

"बशी बंद झाली, काका. आता विचारायचं नसतं."

ते हसले, आवाज न करता. "पुढच्या महिन्यात माझा खेळ आहे. नाही म्हणून कळवणार होतो."

"नका कळवू. उजवीकडे, काखेखाली, आतल्या शिवणीत बघा."

"तिथे खिसा नाहीये."

"आहे."

त्यांचा डावा हात आत गेला, थोडा वेळ चाचपडत राहिला, आणि लाल बटण घेऊन बाहेर आला. तळव्यावर ते बटण हलत होतं. काका त्याच्याकडे बघत राहिले. सगळं समजायला त्यांना फार वेळ लागला नाही, जादूगारच होते.

"सगळ्यांच्या कोटात?"

"सगळ्यांच्या. पण बटण बंद झालंय. कबुतराच्या पिसाबद्दल कुणी काही बोललेलं नाही. आणि पीस हातातून पडलं तर कुणाला नवल वाटत नाही."

"कोट पोचतील तुझ्याकडे?"

"उद्यापासून यायला लागतील. तुम्ही फक्त पांढरी पिसं जमवून ठेवा, अस्तरात ती मी घालीन."

काकांनी बटण पुन्हा त्याच खिशात ठेवायला घेतलं. खिशाचं तोंड दोनदा चुकलं. मी त्यांचा गळपट्टा धरून उभी राहिले, आणि मदत केली नाही.