नाडीपायी हरलेला सामना

मित्रांनो, मी फुटबॉलच्या खेळातला एक जुना चामडी टोप आहे. आता बोलायचाही शीण होतो, तरी सांगतो. अमेरिकेतल्या आमच्या आयोवातला फुटबॉल म्हणजे एकाने चेंडू बगलेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला लोळवायचं. ती सगळी आदळआपट माझ्यासारख्यांनीच सोसली.

१९२४ साली कॉलेजने मला विकत घेतलं, तेव्हा मी कप्तान हार्लन प्रूइटच्या डोक्यावर होतो. लोक टाळ्या वाजवायचे आणि मला वाटायचं, त्या माझ्यासाठीच! दुसऱ्याच सामन्यात माझी शिवण उसवली आणि मी राखीव गड्यांच्या पेटीत जाऊन पडलो. तिथून मला लुमीर काडलेकने उचललं.

लुमीर चेक वंशाच्या शेतकऱ्याचा मुलगा, चार वर्षं राखीवच. रोज सरावात पहिल्या संघाचा मार खायचा आणि शनिवारी घोंगडी पांघरून बाकावर बसायचा. सामन्यात उतरेल त्यालाच छातीवर लावायला कॉलेजच्या नावाचं मानाचं लोकरी अक्षर मिळे. त्याच्या आईने पांढरा स्वेटर कधीचाच विणून ठेवला होता, अक्षराची जागा मोकळी सोडून. आणि हे त्याचं शेवटचं वर्ष होतं.

नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणादिवशी शेवटचा सामना झाला. आम्ही एका गुणाने मागे, मिनिटभर उरलेलं आणि चेंडू घेऊन ओलांडली की जिंकलो ती रेषा अवघ्या चार यार्डांवर. तेवढ्यात आमच्या एका गड्याचा पाय मुरगळला.

"काडलेक, जा!" कोच डनवुडी ओरडले. "आणि तोंड बंद ठेव!"

तेव्हा नियमच तसा होता. नव्याने उतरलेल्या गड्याने पहिला डाव होईपर्यंत सोबत्यांशी चकार शब्द बोलायचा नाही. बोलला, तर बाहेरून निरोप आणला असं धरत.

लुमीर जागेवर उभा राहिला. शेजारी वाकलेल्या हार्लनच्या बुटाची नाडी सुटून लोंबत होती. बिचाऱ्याच्या तोंडून निघून गेलं, "हार्लन, नाडी!"

शिट्टी वाजली. आम्हाला पंधरा यार्ड मागे ढकललं. पुढचा एकच डाव झाला, वेळ संपली आणि आम्ही हरलो.

कपडे बदलायच्या खोलीत हार्लन त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"चार वर्षं गप्प बसलास, आणखी एक डाव बसवलं नाही का रे?"

"नाडीत अडकून पडला असतास की."

"पडलो असतो तर पुढंच पडलो असतो! चारच तर यार्ड होते!"

एकदोघे हसले. लुमीरने मला डोक्यावरून काढलंच नाही. माझ्या कानपट्ट्या ओल्या झाल्या.

कोचनी त्याला अक्षर दिलं, नियमाने ते त्याचंच होतं. त्याने परत केलं. "खेळलो कुठं, नुसता बोललो," म्हणाला, आणि आठवण म्हणून मला मागून घेतलं. तो कोरा स्वेटर फाटेपर्यंत त्याने गाईंचं दूध काढताना वापरला.

आता मी गोठ्यातल्या फळीवर आहे. चामडं भेगाळलंय आणि एक कोंबडी माझ्यात अंडी घालते. घालू दे. पण लुमीर चाळिशीचा झाला, तरी शेजाऱ्याच्या गाडीचं चाक निखळताना दिसलं की आधी तोंडावर हात धरतो, मग सांगतो. ते बघून मी फार थकतो.

मित्रांनो, जुन्या चामड्याला तेल लावत जा, ते मऊ राहतं. माझं मात्र तेलावाचून चालेल. हार्लन दोन तासांच्या वाटेवरच्या शहरात विमा विकतो म्हणे; इतक्या वर्षांत त्याची चार ओळींची चिठ्ठी आली नाही. तुमच्यात कुणी हार्लन असेल, तर बाबांनो, आजच पत्र टाका.