छीतरमलच्या डाव्या खांद्याचा साक्षीदार

मी एक एक्स-रे बोलतोय. काळा म्हणून हसू नका, मी तुमच्या आरपार पाहिलंय.

माझा जन्म २००४ सालचा, जयपूरच्या आदर्श नगरातला. "सांस रोको!" असं कुणीतरी ओरडलं आणि मी झालो. माझ्या पोटात छीतरमलच्या डाव्या खांद्याचं, गळ्यालगतचं हाड. मधोमध मोडलेलं.

छीतरमल कापडछपाईचे लाकडी ठसे कोरायचा. कारखान्यात शिसवी फळ्यांची चळत त्याच्यावर कोसळली. मालक म्हणाला, "काही मोडलं नाही, नाटक आहे." झालं! त्याला भरपाई मिळणार की नाही, ते माझ्यावर येऊन पडलं.

तपासायला विमा कंपनीचे डॉक्टर सुधाकर गोरे. साताऱ्याहून बदलून आलेले. नेमकी वीज गेलेली, म्हणून त्यांनी मला खिडकीशी धरलं, तेही पाठमोरं! समोरच्या छपरावरचं माकड मला पाहून छातीवर हात ठेवून मटकन बसलं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

"अरे, दुखतोय डावा आणि मोडलाय उजवा?" डॉक्टर कडाडले. मग भान येऊन हिंदीत, "ये किसका फोटो उठाके लाया तुम?"

त्यांनी 'दावा खोटा' लिहायला पेन उघडलं. मी ओरडणार कुठून? मला फक्त दिसता येतं.

छीतरमल हळूच म्हणाला, "साब, आपने पलटकर पकड़ी है।"

"तुम डॉक्टर है?"

"ना साब। पर बत्तीस साल से उलटा ही कोरता हूँ, तब जाकर कपड़े पे सीधा छपता है। कोने का निशान देख लो।"

डॉक्टरांनी मला फिरवलं. कोपऱ्यातली, डावी बाजू सांगणारी 'L' ही खूण सरळ झाली आणि त्यांचा चेहरा माझ्या रंगाचा. मग मात्र त्यांनी हाडावरचा उंचवटा चाचपला, हात वर करायला लावला. तो खांद्याच्या रेषेपाशीच अडला. छीतरमलच्या डोळ्यांत पाणी आलं. तीनदा कोन मोजून डॉक्टरांनी लिहिलं : दावा खरा.

आता मी छीतरमलच्या खिडकीत असतो. तो मांडीशी ठसा धरून जमेल तेवढं कोरतो. माझ्याकडे बघून त्याने एक वेल कोरली, मध्येच मोडून गाठीतून पुन्हा फुटलेली. तिच्या चादरी खूप खपल्या. एक गोरेवहिनींनीही नेली.

तुम्हाला एकच विनंती. मला उजेडात धराल तेव्हा ज्याचं हाड, त्यालाही जरा विचारा.

डॉक्टर आता रोज त्या वेलीवर झोपतात. माकड सांगत होतं, आडवं होण्याआधी ते दररोज विचारतात,

"शालिनी, चादर उलटी तर नाही ना घातलीस?"