पाय घेऊन या

मित्रांनो, मी एक जुना ईमेल-पत्ता आहे. बूट शिवणाऱ्या एका दुकानाचा. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये माझी जी काय असेल ती जागा. तरीही मला राग येतो, आणि सध्या तर उठसूट येतो. तो का येतो ते सांगायलाच आज बसलो आहे.

मला जन्माला घातलं ते या घरच्या सूनबाईंनी. दुकान त्यांच्या सासऱ्यांचं. तयार बूट ज्यांच्या पायात बसत नाहीत, अशांसाठी ते बूट शिवतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची बोटं वाकडी, कुणाचं ऑपरेशन झालेलं. सासरे गिऱ्हाइकाचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढतात, मग दोन्ही हातांत धरून तो नीट चाचपतात आणि मगच चामड्याला हात लावतात.

"या ईमेलचा आपल्याला उपयोग काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बूट तयार झाले की कळवता येईल, बाबा," सूनबाई म्हणाल्या.

"मग त्यात लिही, पाय घेऊन या म्हणावं. नुसती पिशवी घेऊन येतात लेकाचे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. लोक बूट न्यायला नवऱ्याला पाठवत, शेजाऱ्याला पाठवत. पण आमच्याकडे बूट पायात चढवून, गिऱ्हाइकाला दुकानात दोन फेऱ्या मारायला लावून, टाच कुठे घासायची ते शेवटी ठरतं. त्यासाठी पाय हवाच. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पत्राचा विषय तोच राहिला: 'पाय घेऊन या.' लोकांना त्याची गंमत वाटे. "आणतो, दोन्ही आणतो," अशी उत्तरं यायची.

सूनबाईंची आणखी एक रीत होती. माप घेऊन झालं की त्या विचारायच्या, "बूट झाले की ईमेल करू ना? आणि एरवी दुकानाचं काही कळवलं तर चालेल, की नको?" एक निवृत्त मास्तर म्हणाले होते, "बूट झाले तेवढंच सांगा. शुभेच्छा नकोत." सूनबाईंनी त्यांना जन्मात शुभेच्छा पाठवल्या नाहीत. त्यामुळे माझं पत्र आलं की लोक हातातलं काम टाकून ते उघडायचे. नव्या बुटातल्या पायाचे फोटो पाठवायचे. मी अगदी फुलून जायचो.

मला मात्र कुणी काही विचारलं नाही. रोज सकाळी माझ्या दारात कचऱ्याचा ढीग. तुम्हाला लॉटरी लागली आहे. तुमचं खातं बंद होणार आहे. केस गळतात का? अरे, मला डोकंच नाही, तर केस कुठून गळणार? सूनबाई चहा पीत पीत तो ढीग उपसायच्या आणि म्हणायच्या, "कुठून मिळतो यांना आपला पत्ता, देव जाणे." मी त्या पाठवणाऱ्यांना मनातल्या मनात शिव्या घालायचो. आपण कसे सभ्य, याचा मला मोठा तोरा होता.

मग समोरच्या रस्त्यावर बुटांचं तीनमजली दुकान उघडलं. आमच्या बाकावर गिऱ्हाईक दिसेनासं झालं. सासरे रिकाम्या हातांनी बसू लागले, आणि त्यांना तसं बसलेलं याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं. तेव्हा सूनबाईंचे धाकटे दीर नोकरी सोडून दुकानात आले. माणूस मनाने चांगला, बापाच्या दुकानासाठी धावून आलेला, हे मी नाकारत नाही. त्यांनी कुठूनशी हजारो लोकांच्या पत्त्यांची यादी विकत आणली.

"या लोकांना विचारलंय का कुणी?" सूनबाईंनी विचारलं.

"वहिनी, विचारत बसलो तर दुकान कधी चालायचं? सगळेच पाठवतात."

"आपण नाही पाठवत."

"म्हणून तर माशा मारतोय."

सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. ते बूट ठोकायची पुसलेलीच ऐरण पुन्हा पुसत होते. "एकदाच हं," त्या म्हणाल्या.

विषय काय द्यायचा यावर दिरांनी फार डोकं लढवलं. जुनी पत्रं चाळून त्यांनी शोधून काढलं की आमचं एकच पत्र झाडून सगळे उघडतात. झालं. सवलतीच्या त्या जाहिरातीच्या माथ्यावर त्यांनी तेच लिहिलं, 'पाय घेऊन या', आणि बटण दाबलं. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. आलं असतं तर त्या दिवशी छप्पर उडालं असतं. ज्यांचं कधी माप घेतलं नाही, ज्यांना आमचं नावही ठाऊक नाही, अशांच्या दारात मी हाका मारत सुटलो.

उत्तरं दुपारपासून येऊ लागली. कुणाचे पाय? कोण तुम्ही? माझा पत्ता कुणी दिला? एका बाईंना तर ती धमकीच वाटली. संध्याकाळी एक पत्र आलं. त्यात एवढंच होतं: 'माझा उजवा पाय गेल्या वर्षी कापला. कुठून घेऊन येऊ?'

सूनबाईंनी ते वाचलं, खुर्ची मागे सारली आणि त्या आत निघून गेल्या. दिरांनी वाकून वाचलं. "मला काय माहीत की..." ते म्हणाले. मला त्या क्षणी स्वतःची शिसारी आली.

बहुतेकांनी उत्तर लिहायची तसदीही घेतली नाही. त्यांनी सरळ 'स्पॅम' असं लिहिलेलं बटण दाबलं. इतक्या जणांनी ते दाबलं की ईमेल पोचवणाऱ्या कंपन्यांनी मला उपद्रवी ठरवून टाकलं. तेव्हापासून मी कुणालाही, अगदी जुन्या गिऱ्हाइकालाही पत्र लिहिलं, तरी ते त्याच्यासमोर जाईना. ते जायचं स्पॅमच्या अडगळीत. आणि दुकानात कुणालाच याचा पत्ता नव्हता.

त्याच सुमारास एका शाळकरी मुलीचे बूट तयार झाले. तिच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. उंच तळाचा हा बूट घातल्याशिवाय चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तोवर तिची आई तिला चाकाच्या खुर्चीतून वर्गाच्या दारापर्यंत नेत होती. बूट आले की शाळेत चालत जायचं, आणि आईने फाटकाशीच थांबायचं, असं मुलीने ठरवून टाकलं होतं. आई रुग्णालयात नर्स. माप देताना ती म्हणाली होती, "ड्यूटीवर फोन उचलता येत नाही. ईमेलच करा." सासऱ्यांनी बूट असे केले होते की बघत राहावं. सूनबाईंनी पत्र पाठवलं, 'पाय घेऊन या.' कुणी आलं नाही. त्यांनी आणखी एकदा पाठवलं. आई ड्यूटीत अडकली असेल, येईल सवडीने, असं त्यांना वाटलं.

आई आली ती दोन महिन्यांनी, मुलीची खुर्ची ढकलत. "अजून झाले नाहीत का हो?" तिने विचारलं. "तुम्ही कळवायला विसरत नाही, म्हणून मीही थांबले. रोज बघत होते."

सूनबाईंनी फळीवरचे बूट काढले. सासऱ्यांनी मुलीचं पाऊल हातात घेतलं आणि ते आत बसवायला लागले. अर्ध्यावर जाऊन ते अडलं. त्यांनी बुटाची जीभ बाहेर ओढली, नाडी पूर्ण सोडली, पुन्हा पाहिलं.

"पाय वाढला गं, बाळा," ते म्हणाले.

मुलीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "मी मुद्दाम नाही वाढवला," ती म्हणाली.

आईने फोन काढून स्पॅमचा कप्पा उघडला. लॉटरी आणि केसांचं तेल यांच्या मधोमध माझी दोन्ही पत्रं पडलेली होती. मी ज्यांना शिव्या घालत होतो, त्यांच्याच पंगतीत मी बसलो होतो. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "इथे कधी बघावं लागेल असं वाटलं नव्हतं."

दिरांनी त्याच दिवशी ती यादी पुसून टाकली. सासऱ्यांनी सगळी कामं बाजूला ठेवून मुलीचं नवं माप घेतलं. सूनबाईंनी त्या पाय गेलेल्या गृहस्थांना माफीचं पत्र लिहिलं. चारदा लिहून चारदा खोडलं, शेवटी दोनच ओळी ठेवल्या. ते पत्रही मीच घेऊन गेलो, आणि माझी चाल आता तुम्हाला ठाऊक आहे. ते बहुधा त्यांच्या अडगळीत पडून आहे. उत्तर आलेलं नाही.

आता सूनबाई पुन्हा प्रत्येकाला विचारतात. जुन्या गिऱ्हाइकांना आमची पत्रं अडगळीतून बाहेर काढायला सांगतात. काहीजण काढतात, त्यामुळे माझं नाव थोडं थोडं सुधारतं आहे म्हणे. मला खरं सांगायचं तर धीर धरवत नाही.

मित्रांनो, उद्या तुमचंही एखादं दुकान असेल. ज्याच्या दारात जायचं आहे, त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर परत फिरा, आणि हो म्हणाला तर त्या होकाराला जपा. तो एकदा गेला की कसा जातो ते मी पाहिलं आहे. त्या दिवशी मायलेकी निघाल्या, तेव्हा सूनबाई त्यांना सोडायला दारापर्यंत गेल्या. मी काउंटरवरून ऐकत होतो.

"झाले की ईमेल करीनच," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या भरवशावर राहू नका. मी स्वतः घरी येऊन सांगेन."