सात नंबरचा डबा

बिबट्याच्या पिल्लाला माणसाची भीती शिकवावी लागते, हे कॉलेजात मला कुणी सांगितलं नव्हतं. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षी दोन महिन्यांची इंटर्नशिप करायची असते. शहाण्या मैत्रिणींनी एसी लावलेल्या प्रयोगशाळा गाठल्या. मी मोठ्या हौसेनं कात्रजचा घाट ओलांडून, सुटका केलेल्या बिबट्यांच्या केंद्रात दाखल झाले. अम्मी म्हणाली, "घरच्या मांजरीला दूध घालायला तुला वेळ नसतो नसीम, आणि बिबटे सांभाळायला निघालीस!"

केंद्रातले सगळ्यात जुने राखणदार गेनबा. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी दिली. उसात सापडलेली तीन पोरकी पिल्लं शेजारशेजारच्या पिंजऱ्यांत होती; सातवा पिंजरा मात्र कोपऱ्यावरून वळल्यावर, भिंतीआड. त्यांना नावं नव्हती, फक्त नंबर. पाच आणि सहा गेनबांकडे, सात माझ्याकडे. सकाळी भिंतीआडून, तोंड न दाखवता मांस सरकवायचं. दुपारी मात्र जाळीसमोर उभं राहून डबा बडवायचा आणि पिल्लू आतल्या खोलीत पळेपर्यंत शिव्या घालायच्या.

"मान्सू दिसला की पळाया पायजे," गेनबा म्हणाले. "न्हाईतर उद्या सोडल्यावर कुनाच्या तरी अंगनात जाऊन बसंल. लोक काय ओवाळत्यात व्हय त्येला?"

दोन महिन्यांनी केंद्राच्या डॉक्टर सरोजिनीबाई परीक्षा घेणार होत्या. डबा वाजल्यावर जे पिल्लू पळेल, ते जंगलालगतच्या मोठ्या कुंपणात आणि तिथून पुढे मोकळं. जे पळणार नाही, त्याला जन्मभर पिंजरा.

पहिल्या दुपारी मी डबा वाजवला. सात नंबर कोपऱ्यात आक्रसून थरथरायला लागलं, आणि त्यानं भीतीनं मुतून ठेवलं. दोन दिवस ते नीट जेवलं नाही. मला माझीच किळस आली. मग मी अक्कल चालवली. आमच्याकडे ती गरजेपेक्षा जास्तच असते.

रोज दुपारी मी पाण्याच्या टाकीमागे जायचे आणि तिथे डबा बडवायचे. शिव्यासुद्धा टाकीलाच. गेनबांना तिकडे, आपल्या पिंजऱ्यांपाशी, आवाज बरोबर ऐकू जायचा. मग सकाळच्या वाट्यातला बाजूला ठेवलेला कोंबडीचा तुकडा घेऊन मी हळूच सात नंबरच्या जाळीशी जायचे. चार दिवसांत ते तुकडा घ्यायला लागलं. दोन आठवड्यांत अंगानं भरलं. मी त्याचं नाव मात्र ठेवलं नाही. तेवढा एक नियम पाळल्याचा मला फार अभिमान होता.

परीक्षेच्या वेळी ते पळेल, याची मला खात्री होती. परक्या बाई, गेनबांचा दणदणीत आवाज, कोण पळणार नाही?

परीक्षेच्या दिवशी तिन्ही पिंजरे दिसतील अशा कोपऱ्यावर उभं राहून गेनबांनी डबा बडवला. "ए मुडद्या, हाय का तितंच? चल पळ!" पाच आणि सहा बाणासारखी आत घुसली. सात नंबर आतल्या खोलीतच झोपलं होतं. ते डब्याच्या आवाजानं उठलं, धावत बाहेर आलं आणि जाळीला नाक लावून बसलं. एक पंजा जाळीतून बाहेर काढला. तुकडा मागायला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी डबा, मग तुकडा. दोन महिने, एकही दिवस न चुकता, मी त्याला हेच शिकवलं होतं.

"तुमी तर रोज वाजवत हुता न्हवं?" गेनबांनी विचारलं. "म्या कानानं ऐकलंय."

"वाजवत होते. टाकीमागे."

सरोजिनीबाईंनी चष्मा काढला. "छान," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता कुठल्याही गावात पत्रा वाजला, की हे जेवायला हजर."

मी गेनबांच्या हातातून डबा ओढून घेतला आणि जाळीसमोर जाऊन बडवत सुटले. ओरडले, ऐकलेल्या सगळ्या शिव्या दिल्या, जाळीवर काठी आपटली. "पळ ना रे! पळ!" रडू आवरत नव्हतं. ते माझ्याच बाजूला सरकलं आणि जाळीवर गाल घासायला लागलं.

"अजून एक महिना द्या, मॅडम. मी खरंच घाबरवीन त्याला."

"भीती शिकायचं वय गेलं त्याचं," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी पाच आणि सहा नंबरच्या पिंजऱ्यांवर खडूनं बरोबरची खूण केली आणि ऑफिसकडे चालू लागल्या. गेनबा माझ्याकडे न बघता त्यांच्यामागून गेले.

मी सात नंबरकडे पाठ केली. माझ्याकडे बघायची सवय तरी मोडावी म्हणून. तेवढ्यात घामेजल्या हातातून डबा निसटला आणि फरशीवर खणखणत गेला. मागे जाळी हलली. मी वळून पाहिलं, तर ते मागच्या पायांवर उभं राहून माझ्या रिकाम्या हातांकडे बघत होतं.